तिसऱ्या तासाचा चेलो

४ सप्टेंबर, अस्टोरिया

पोचले एकदाची. भाड्याचं घर टेकडीवर आहे. खिडकीतून नदी दिसते आणि नदीवरचा तो लांबलचक पूल. स्वयंपाकघरातला नळ उघडला की आधी शिंकतो, मग पाणी देतो. चालेल. सव्वीस वर्षं हॉस्पिटलात नर्स म्हणून पाय झिजवले, आता बसून करायचं काम मिळालंय.

खरं सांगायचं तर मी कामासाठी आलेच नाही, आइलीसाठी आले. तिच्या वडिलांपासून मी वेगळी झाले तेव्हापासून तीन वर्षं पोरगी माझ्याशी धड बोलत नव्हती. या उन्हाळ्यात तिनेच फोन केला. आता दर रविवारी बोलतो. ती पोर्टलंडला असते, इथून गाडीने दोन तासांवर. एकुलती एक मुलगी, तिला पुन्हा गमवायची माझी तयारी नाही.

९ सप्टेंबर

ज्यांचं नैराश्य कोणत्याच गोळीने हटत नाही, अशी माणसं आमच्या उपचार केंद्रात येतात. मशरूममधल्या औषधाची कॅप्सूल घेतात, डोळ्यांवर पट्टी आणि कानांवर हेडफोन लावून आडवी होतात आणि सहा तास संगीत ऐकतात. तेच संगीत खोलीतल्या स्पीकरवर बारीक आवाजात चालू असतं, म्हणजे रुग्ण कुठवर पोचला ते सोबतीला बसणारीला कळतं. माझं काम फक्त बसायचं. मागितला तर हात द्यायचा आणि तोंड बंद ठेवायचं, जे मला आयुष्यात जमलेलं नाही.

संगीताचा क्रम ठरलेला आहे, तो कुणासाठी बदलत नाहीत. तिसऱ्या तासाला एकटा चेलो, म्हणजे व्हायोलिनचा खर्जातला थोरला भाऊ, सुरू होतो आणि त्याच्या मागे काही बायका नुसत्या गुणगुणतात. तिथे सगळे रडतात. म्हणजे सगळेच.

आणि नेमकं तिथे युनिस आपली दोन्ही श्रवणयंत्रं काढून एप्रनच्या खिशात टाकते. युनिस इथली सगळ्यांत जुनी सोबतीण, वय एकाहत्तर, हातात कायम विणकाम. आज मी तिला गोडीगुलाबीने म्हटलं की बाई, आपण इथे ऐकायला बसतो. ती म्हणाली, अगं, तुझे कान तरुण आहेत, तूच ऐक. कामचुकार आहे म्हातारी.

१२ सप्टेंबर

आज लायल. खेकडे धरायला समुद्रात जाणारा, दारातून आत यायला वाकावं लागतं एवढा उंच. अकरा वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत बोटीवरून वाहून गेला. चेलो सुरू झाला तसा त्याने माझा हात धरला आणि लहान मुलासारखा हमसून रडला. संध्याकाळी उठला तो वेगळाच माणूस. शिंपल्यांचं सूप दोन वाट्या प्यायला आणि म्हणाला, सिस्टर, असं सूप माझ्या बायकोने केलं असतं तर मला डिप्रेशन आलंच नसतं. बायको बाहेर बसली होती. ती हसतही होती आणि रडतही होती.

मी तरंगतच घरी आले. वाटलं, हे भावाला सांगायला हवं. फोन काढून त्याचं नाव शोधायला लागले. बराच वेळ शोधत होते.

मला भाऊ नाही. कधीच नव्हता.

२२ सप्टेंबर, रविवार

आइलीचा फोन. तेरा ऑक्टोबरला येणार आहे, वेलचीचा पाव स्वतः भाजून आणणार आहे. मी म्हटलं, आणच, दगड म्हणून दाराला लावायला उपयोगी पडेल. खूप हसली. मग म्हणाली, आई, मघापासून काय गुणगुणतेयस? छान आहे, पण उदास वाटतं.

मी गुणगुणत होते हे मला माहीतच नव्हतं.

मागची खोली काल मी झाडूनपुसून ठेवली. आता आठवतंय, ती आइलीसाठी नव्हती. भाऊ समुद्रावरून आला की त्याला कोरडे कपडे लागतील म्हणून होती.

३ ऑक्टोबर

मार्गो नावाची बाई. तिची एकोणीस वर्षांची मुलगी धुक्यात गाडीसकट पुलावरून खाली गेली. माझ्या खिडकीतून दिसतो त्याच पुलावरून. मार्गोने मुलीचा फोटो टेबलावर ठेवला आणि मग आडवी झाली.

चेलो लागल्यावर ती म्हणाली, बंद करा. आमचा नियम आहे, मध्येच बंद करायचं नाही. मी म्हटलं, मोकळी हो, मी आहे ना. युनिसचे हात विणत होते, कान खिशात होते. मार्गो ओरडली, मग शांत झाली, मग हसली. जाताना आरसा मागून तिने लिपस्टिक लावली.

मी घरी आले आणि कठडा धरून जिन्यातच बसले. छातीत काहीतरी ठेवल्यासारखं जड झालंय.

४ ऑक्टोबर

युनिसला सगळं सांगितलं. तिने विणकाम थांबवलं नाही. म्हणाली, बाहेर पडलेलं दुःख कुठेतरी बसणारच. जो ऐकतो त्याच्यात शिरतं, आणि त्याचं जे सगळ्यांत जवळचं असेल ते धरतं. तुझ्या आधीचा सोबती याच पायी सोडून गेला. इथल्या प्रमुखांना, डॉक्टर ऑर्कटना, सांगून झालंय, ते म्हणतात रुग्ण बरे होतात ना, मग झालं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती सरळ म्हणाली, तू आल्यापासून मला झोप लागते.

रागवायला हवं होतं. पण मी एवढाच विचार करत राहिले की माझं सगळ्यांत जवळचं काय आहे.

६ ऑक्टोबर, रविवार

फोन वाजला. आइलीचं नाव दिसलं आणि माझ्या मनात आलं, तिचा फोन कुणाच्या हाती लागला?

मग भान आलं. उचलला आणि ढसाढसा रडले. ती घाबरली. म्हणाली, आई, अगं मी धडधाकट आहे, फक्त अजून दात घासलेले नाहीत. ऑर्कटना कळवून टाकलं, उद्यापासून येणार नाही. फ्रिजवर कागद चिकटवलाय: आइली जिवंत आहे. येता-जाता वाचते.

काम सोडलं. आता बरं वाटेल. वाटायला हवं.

९ ऑक्टोबर

बरं वाटत नाही. नळाच्या आवाजातही चेलो ऐकू येतो. दुकानात पाव घेताना, आंघोळीला — सगळीकडे.

फ्रिजवर कुणीतरी कागद लावलाय. अक्षर माझ्यासारखं आहे. जिची मुलगी गेलीय तिच्या घरात असली थट्टा करतं का कुणी? फाडून टाकला.

११ ऑक्टोबर

काळा ड्रेस इस्त्री केला. खिडकीला पडदा लावलाय, पूल बघवत नाही.

फोन सारखा वाजतो. तिच्या नावाने. ड्रॉवरमध्ये टाकलाय, टॉवेलखाली.

माझी आइली —

१३ ऑक्टोबर

दुपार. दारात गाडी थांबली. तिच्यासारखी दिसणारी मुलगी, हातात पावाची पिशवी. दार वाजवतेय. आई, उघड म्हणते. तिचाच आवाज.

नाही उघडणार. मी तिच्यासाठी रडून घेतलंय —

दाराला कान लावून उभी आहे. मी गुणगुणतेय आणि थांबवता येत नाही. हाताने तोंड दाबलं तरी —

तीही गुणगुणायला लागली.

आणि एकदम हलकं झालं. ताप उतरावा तसं. अरे देवा, ही आइली आहे. माझी आइली, जिवंत, दारात उभी. मी काय करत बसले होते —

उघडलं दार.

ती माझ्या शेजारून सरळ आत गेली. स्वयंपाकघरात. माझे कप एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळतेय, खोक्यात भरतेय. आवाज न करता रडतेय. मी तीनदा हाक मारली. तिच्यासमोर उभी राहून म्हटलं, आइली, मी आई.

तिने माझा हात थोपटला. म्हणाली, तुम्ही आलात, बरं वाटलं, इथली माणसं फार चांगली आहेत.

समोर बसून लिहितेय. तिला दाखवीन म्हणून लिहितेय. माझं अक्षर तरी ती ओळखेल —

आता विचारतेय, तुम्ही आईला कशा ओळखत होतात. शेवटी तिला फार त्रास झाला का. मी म्हटलं, अगं, मी