परमुलखात गेलेलं धोतर

बाई, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. आज दुपारी गोधड्या उन्हात वाळत घातल्या आणि बराच वेळ त्यांच्या मधेच उभी राहिले. चहूकडे रंग, मधून वारा, आणि मला वाटलं, पलीकडून तुम्ही येताय, पदरानं चष्मा पुसत.

वरवट बकालच्या अलीकडे आपलं गाव आणि तुमच्या शाळेच्या ओसरीत शिवत बसलेल्या आम्ही दहा-बारा बाया. महाराष्ट्र नुकताच झाला होता. तुमच्या ओळखीच्या, एकदा तुमच्या घरी येऊन गेलेल्या, समुद्रापलीकडच्या काही बाया आमच्या गोधड्या त्यांच्या गावच्या बाजारात विकणार, मधे व्यापारी नाही, आणि शिवणारीला तिच्या कष्टाचं मोल पोचवणार. त्यातलाच थोडा भाग गावात बाळंतिणींच्या खोलीसाठी. आम्हाला ती कहाणीच वाटली, पण गावच्या वर्गणीतून खोलीच्या भिंती खिडकीपर्यंत आल्या होत्या.

पहिल्याच गाठोड्यात आम्ही घोटाळा केला. परक्या घरी आपलं वापरलेलं कसं द्यायचं, म्हणून सगळ्यांनी दुकानातलं कोरं कापड आणून शिवलं. तिकडून पत्र आलं. तुम्ही ओसरीत उभ्या राहून वाचताय: गोधड्या ताठ आहेत, अंगाला टोचतात, कोणी घेत नाही. तुमच्या घरी पाहिली तशी जुन्या, मऊ कापडाची एक पाठवा, नाहीतर हे काम थांबवावं लागेल.

"बाई, नेसेल लुगडं परमुलखात धाडाव काय?" माझी जाऊ म्हणाली. "यायच्या गावात कापडच भेटत नाही काय, म्हंतीन ते."

"अन माह्यं लुगडं जहाजात बसीन," दुसरी म्हणाली, "मी त अजून शेगावले रेल्वेत बसून नाही गेली!"

सगळ्या हसल्या. तुम्ही हसला नाहीत. "लाज त्यांची वाटते की स्वतःची?" एवढंच विचारलंत आणि पत्राची घडी केलीत.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांचं धोतर आणि सदरा घेऊन आले. गेलेल्या माणसाचे कपडे तेरवीला देऊन टाकतात; हे दोन मी कणगीत, ज्वारीखाली लपवले होते. "काऊन व? हे त देलं होतं न?" जाऊ म्हणाली. मी सुई ओवली. धोतराचं अस्तर केलं, सदऱ्याचे तुकडे वर लावले, लुगड्याच्या काठातले दोरे काढून टाके घातले. मग एकेक जण उठून घरी गेली आणि आपलं जुनेर घेऊन आली. गोधडी गेली, मागणी आली, खोलीवर पत्रे चढले. "हिनं स्वतःचं काळीज दिलं," असं तुम्ही येईल त्याला सांगत होतात.

अजून कधी डोळा लागता लागता मला एक घर दिसतं. खिडकीबाहेर सगळं पांढरं. बर्फ असावं, मी फक्त पुस्तकात वाचलंय. एक अनोळखी बाई ते धोतर अंगावर ओढून झोपली आहे, आणि तिच्या श्वासाबरोबर ते हळूहळू वरखाली होतंय. ह्यांना थंडी वाजत नसेल, असं मला झोपेत वाटतं.

बाई, मी ते खोलीसाठी दिलं नव्हतं. घरचे शेतात गेले की मी कणगीत हात घालून तो सदरा काढायची, हुंगत बसायची, आणि लेकरं उपाशी दारात उभी राहायची. गावात कोणाला दिला असता तर दुसऱ्या दिवशी मागून आणला असता. जिथून आणता येणार नाही, तिथं धाडला. हा कागद तर कुठंच धाडता येत नाही. तुम्ही होतात तेव्हाही सांगितलं नाही. तुम्ही माझं कौतुक करायच्या, आणि मला ते ऐकायला आवडायचं.