ओलं बोट

५ ऑगस्ट, सोमवार. उमरी

अक्का, आधी सगळ्यांची खुशाली विचारतो, मग माझं सांगतो. तुझे गुडघे कसे हायत? तेल चोळून घेतेस का पुनमला नुसतीच पळवतेस? डाव्या डोळ्याचा पडदा तेवढाच हाय का वाढला? रेवणसिद्धाचं बीपी काय म्हणतं? त्याला सांग, मामानं लोणच्याची बरणी कुलपात ठेवायला सांगितलीय. पुनमचा खोकला गेला का? लेकरू सासूचं करता करता स्वतःकडं बघत न्हाई. आणि तांबडी गाय व्याली का?

फोनवर तुला ऐकू येत न्हाई, आणि मी ओरडलो की शेजारी जमतात भांडण बघायला. म्हणून ठरवलं, रोजनिशी लिहायची ती तुझ्याच नावानं, मोठ्या अक्षरांत. अधूनमधून पानं फाडून पोस्टात टाकतो. भिंग लावून वाच.

मी सुखरूप पोचलो. निलंग्याहून लातूर, लातूरहून नांदेड यष्टीनं, आणि नांदेडहून मुद्दाम रेल्वेनं. जन्मभर यष्टीत कंडक्टरकी केली, पण बापाच्या नोकरीच्या गावी जायचं तर रुळावरूनच जावं म्हटलं. नासिर स्टेशनवर घ्यायला आला होता. औषधाचं दुकान हाय त्याचं, साठीचा गडी, बोलायला लई गोड. मला ‘अप्पा’ म्हणतो. त्याच्या आजोबांचा इथं फोटोचा स्टुडिओ होता. निजामाच्या रेल्वेपासूनचे फोटो, काचा, कार्डं, नकाशे, सगळं ट्रंकांत पडून हाय. दिवाळीनंतर शाळेच्या हॉलात ते मांडायचं त्याच्या मनात हाय. रद्दीतून रेल्वेचे नकाशे अन् वेळापत्रकं गोळा करणारा येडा म्हातारा निलंग्यात हाय, हे त्याला कुणीतरी सांगितलं. चौथी शिकलेल्या माणसाला घरी बोलावून मान देतो, अजून काय पाहिजे?

मी कशासाठी आलो ते तुला म्हाईत हाय. रुळाच्या गँगचे फोटो त्या आजोबांनीच काढले होते. त्यात कुठंतरी आपले बाबा असणार. ते गेले तेव्हा मी आईच्या पोटात. तू सांगितलंस तसं इथं लिहून ठेवतो : डाव्या भिवईत खोक, आणि वरचा ओठ आखूड, त्यामुळं रागावले तरी हसल्यासारखे दिसायचे. तुझे डोळे जायच्या आत तो चेहरा तुझ्या हातात ठेवीन. मग तू मला खुशाल शेंबड्या म्हण.

६ ऑगस्ट

आज ट्रंका उघडल्या. काय वैभव हाय अक्का! गोदावरीच्या पुलावर उभं इंजिन, गळ्यात हार घालून. मीटर गेजचा हातानं काढलेला नकाशा, मनमाडपासून पार सिकंदराबादपर्यंत, नद्या निळ्या शाईनं. लातूरच्या छोट्या गाडीचाही एक फोटो निघाला, टपावर माणसं बसलेली. स्टेशनमास्तरांनी घरी पाठवलेली कार्डं : पाऊस न्हाई, पाणी खारट, बदलीचं बघा. माणसं तेव्हाही तेच लिहायची.

नासिरची आई हाजराबी ऐंशीच्या पुढं गेलीय, पण घरात तिचाच आवाज चालतो. मी लिंगायत म्हणून माझ्यासाठी नवा कुकर, नवी कढई आणली. वर मलाच टोमणा, की जावई आला तेव्हा एवढा खर्च केला नव्हता. फोटो बघताना तिला सगळं आठवतं. ती त्या आजोबांचीच लेक, इथंच वाढलेली. नरसय्या नावाचा तेलगू गार्ड होता, तो धर्माबादहून येताना तिच्यासाठी गूळ-शेंगदाणे आणायचा, हिरव्या झेंडीत बांधून. त्याचा फोटो दिसला तशी खुदकन हसली. म्हणाली, इसकी झेंडी को हमेशा चींटियां लगते थे.

एक वाईट वाटलं. पुष्कळ फोटोंतले चेहरे गेलेत. अंगावर कोट हाय, टोपी हाय, मधे नुसता पांढरा अंडाकार. दमट हवेनं, कसरीनं गेलं असंल. आणि घरात आजोबांचा स्वतःचा एकही फोटो न्हाई. चेहरा कसा होता म्हणून विचारलं, तर मायलेक दोघंही म्हणाली, आठवत न्हाई.

८ ऑगस्ट

काम छान चाललंय. फोटो एकमेकांना चिकटलेत. श्रावणाची हवा, त्यात चिकट झालेला तो वरचा लेप. मग काय, बोट जिभेला लावायचं अन् कोपरा उचलायचा. तिकिटं फाडून फाडून लागलेली सवय. तू ओरडायचीस, आठव.

दुपारी एक गंमत झाली. तोंडात एकदम पानाची चव. कात, चुना, तंबाखू, आणि त्यामागं दुसऱ्याच्या तोंडाचा वास. मी जन्मात पान खाल्लं न्हाई. गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगतो. चूळ भरली, गेलं न्हाई. जेवण गेलं न्हाई. कुणीतरी चघळून टाकलेला विडा आपण उचलून तोंडात घातला, असं वाटत राहिलं.

१० ऑगस्ट

लिहायला किळस येते, पण लिहितो. पुनम, हे पान अक्काच्या हाती देऊ नको.

सांधेवाल्याचा, म्हणजे रूळ बदलणाऱ्या गड्याचा, फोटो हाताळला आणि दाढेतला पू तोंडात उतरला. कोमट. खारट. एका बाईचा फोटो होता, स्टेशनमास्तरच्या बायकोचा. तिची चव आंबलेल्या ताकाची, आणि घशात अडकलेला कफ. मला आता कळतं की चव कुठून येते. ओलं बोट चेहऱ्यावरून जातं, तेच परत जिभेला. लहानपणी कुणाचं उष्टं पाणी प्यालो तर आई मिठानं तोंड चोळायची. ही माणसं कधीच मेलीत आणि मी त्यांचं उष्टं खाऊन राहिलो.

पाण्याच्या वाटीत बोट बुडवून काम करायचं ठरवलं. बघतो तर बोट वाटीत न जाता तोंडातच.

१२ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

उपवास होता. नासिर मदतीला बसला आणि कौतुकानं फोटोचं शास्त्र सांगायला लागला. काच असो का कागद, चित्र वरच्या लेपातच असतं. तो लेप कशाचा, मी विचारलं. तो म्हणाला, जनावरांची हाडं अन् कातडी उकळून जो चिकट रस निघतो, त्याचा.

मी न्हाणीत गेलो. पोटात काही नव्हतंच, तरी येत राहिलं. तपकिरी, लाळेसारखं, तार सुटणारं. त्यात बारीक काळे कण. हाजराबी दाराबाहेरून विचारत होती, क्या हुआ भाई, कुकर का कुछ लगा क्या? तिला काय सांगू? तिनं बिचारीनं माझ्यासाठी नवी भांडी आणली, आणि मी तिच्याच घरात बसून हाडांचा रस चाटून राहिलो. जिभेवर विभूती ठेवली. तीही बेचव लागली, शिजलेल्या खिरीत माती पडावी तशी.

लिंगाला हात लावायची हिंमत झाली न्हाई.

१४ ऑगस्ट

आज जरा मन रमावं म्हणून हाजराबीला म्हटलं, नरसय्याची गोष्ट परत सांगा. तिनं उलट मलाच विचारलं, कौन नरसय्या? मी म्हटलं, गार्ड, गूळ-शेंगदाणेवाला. हसायला लागली. ऐसा कोई गार्ड मैं नै देखी भाई, सपना पडा होंगा तुम कू.

फोटो काढला. गणवेश हाय, बगलेत झेंडी हाय. चेहऱ्याच्या जागी पांढरं. काठ गुळगुळीत, लहान पोरानं बर्फाचा गोळा चाटावा तसे.

मग त्या जुन्या ट्रंकेतले पांढरे अंडाकार काढून शेजारी ठेवले. काठ सारखेच. अक्का, ते कसरीनं केलेलं न्हाई. माझ्या आधी या खोलीत कुणीतरी चाटत बसलं होतं. आणि ज्याचा चेहरा घरात कुणालाच आठवत न्हाई, तो कोण ते मला कळलं. शेवटी त्यानं स्वतःलाही सोडलं न्हाई.

फोटो गेला तर माणूस नुसता कागदावरून जात न्हाई. ज्यांना आठवतो त्यांच्यातूनही जातो.

१६ ऑगस्ट

बोटाला चिंधी बांधली. तोंडाला उपरणं. तरी ट्रंक उघडली की तोंडाला पाणी सुटतं, चिंच बघितल्यासारखं. उपरणं चिंब होतं. लाळ नकाशावर पडली, गोदावरीची निळी शाई फुटली.

आरशात जीभ बघितली. तपकिरी. चकचकीत. फोटोच्या कागदासारखी.

निघून यावं हे मलाही कळतं. पण गँगचे फोटो खालच्या ट्रंकेत हायत, अजून बघायचे राहिलेत. नासिर म्हणाला, अप्पा, तुमची तब्येत बरी न्हाई, तुम्ही झोपा, मी शोधतो. भला माणूस. पण कुठल्या भिवईत काय, त्याला काय कळणार? दुसऱ्याच्या हातात कसा देऊ बाबांना?

१८ ऑगस्ट

पाच फोटो बघितले. चाटले न्हाईत. उजवा हात पाठीमागं धरून, डाव्या हातातल्या चिमट्यानं उलटून. जेवण बंद. भाकरी लाकडासारखी लागते. हाजराबीनं वरण कालवून दिलं, पोराला द्यावं तसं. मला त्याचा वासही सोसवेना, आणि शेजारच्या ट्रंकेचा वास मात्र — सणाच्या दिवशी कुणाच्या घरातून यावा तसा.

मला माझीच शिसारी येते.

१९ ऑगस्ट, राखी

तुझी राखी आली. पुनमनं लिहिलंय, अक्का रोज भिंग पुसून ठेवते, फोटो येणार म्हणून.

सापडले!

अक्का, सापडले. उमरीची गँग, रुळावर ओळीनं, खांद्यावर हातोडे. डावीकडून तिसरे. भिवईत खोक. आखूड ओठ. ऊन डोळ्यांवर, तरी हसल्यासारखे. माझ्यापेक्षा किती लहान हायत गं. माझा मुलगा शोभतील. मी तोंड बांधूनच बघितलं. लांबून. पाया पडलो. कपड्यात गुंडाळून पिशवीत ठेवलाय. उद्या सकाळच्या गाडीनं निघतो. नासिरला सांगितलं, त्याला तर रडायलाच आलं.

दुपारी

पिशवी कपाटात ठेवली. कपाटाला कुलूप. किल्ली हाजराबीकडं दिली.

एक विचार येऊन राहिला. येऊ नये, पण येतो. तू बाबांच्या ताटात जेवलीस. आई सांगायची, पहिला घास ते तुला भरवायचे, मग स्वतः खायचे. मला ते कधीच मिळालं न्हाई. परक्या लोकांचं थुंक, पू, कफ सगळं माझ्या तोंडात आलं. आणि ज्याचं उष्टं माझ्या हक्काचं, ते तेवढं —

न्हाई.

तोंडाला पाणी सुटलंय. लिहिताना कागद भिजतोय. माफ कर.

संध्याकाळ

हाजराबीकडं किल्ली मागितली. राखी बघायचीय म्हणालो. राखी तर हाताला बांधलेली. तिनं माझ्या हाताकडं बघितलं अन् दिली.

फक्त कोपरा. फक्त हातोडा. चेहरा न्हाई —

२०

ज्वारी. कच्चा कांदा. लसूण. घामाचं मीठ. मग लोखंड, लई लोखंड. मग घाबरलेल्या माणसाचं कोरडं तोंड. एवढंच. एका घासात संपलं.

डावीकडून तिसरा. हातोडा हाय. पांढरं.

काल डोळे भरून बघितलं होतं. आठवत न्हाई. डोळे मिटतो, पांढरं दिसतं. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात हाय, भिवईत खोक. वाचतो. खोक कळते. भिवई कळते. तोंड होत न्हाई.

गाडी गेली. मी गेलो न्हाई. जीभ टाळूला चिकटते, सोलून निघते. अजून मागते — त्या ओळीतले बाकीचे —

रेवणसिद्धाला फोन लावायला हात धजत न्हाई. तो तुला विचारील, आणि तू काय म्हणशील —

अक्का, गुडघ्याचं, गाईचं मागून लिही. आधी हे लिही. पुनमकडून लिहून घे, कार्डावर, दोन ओळी, पण लवकर लिही. तुला आठवतात ना? ताट आठवतं? घास? तो हात कुणाचा होता? एवढंच लिही, की आपले बाबा —