आई काय म्हणाली

आप्पा, तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं झाली. इतकी वर्षं तुमचा रागच येत होता. परवा पहिल्यांदा तुमची कीव आली, ती का, एवढंच सांगते.

तुम्ही माळशिरसकडचे, आई सोलापुरातल्या तेलुगू विणकरांच्या घरातली. लग्न ठरवलंत तेव्हा तुमच्या वडलांनी तुमच्या तोंडावर दार लावलं. "तिची भाषा तुला कळत न्हाय, कवा फसवील पत्ता लागायचा न्हाय," म्हणाले. त्यांचं घर तुम्ही सोडलंत, ते बोलणं मात्र बरोबर घेऊन आलात. आपल्या घरात तेलुगूला बंदी झाली. तरी आईची आई, माझी अम्मम्मा, दर गुरुवारी दुपारी यायची आणि दोघी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलायच्या. संध्याकाळी तुम्ही ऑफिसातून आलात की मला बाहेरच्या खोलीत बोलवायचात. "काय म्हणत होती म्हातारी?" मी नऊ वर्षांची. कळलं तेवढं सांगायची, कळलं नाही तिथं मनाचं घालायची, कारण सांगून झालं की तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवायचात. एरवी कधी ठेवत नव्हतात. एकदा अम्मम्मा आईला म्हणाली, चार दिवस माहेरी ये. मी तुम्हाला सांगितलं, कायमची ये म्हणाली.

पुढच्या गुरुवारी तुम्ही रजा काढून दारात उभे. "आजपासून हितं यायचं न्हाय." अम्मम्मा तशीच जिना उतरते. आत आई भाकरी थापतेय, तिचा हात थांबत नाही. हे कुणी सांगितलं, असं तिनं मला शेवटपर्यंत विचारलं नाही आणि मीही कबूल केलं नाही. त्या दिवसापासून मी तेलुगू कळत नाही असं दाखवायला लागले. आता खरंच कळत नाही.

माझी सून मैंदर्गीची, माहेरी कन्नड बोलणारी. ती तिच्या आईशी फोनवर बोलते आणि मी बाहेर कान देऊन बसते. 'अत्ते' म्हणजे सासू, एवढं कन्नड मला येतं. परवा तो शब्द सारखा येत होता. मी आठ वर्षांच्या नातीला जवळ घेतलं, डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "काय म्हणत होती गं आई?"

तिनं मान बाजूला घेतली. "आईलाच विचार की, आजी."

माझा हात तसाच राहिला. थोड्या वेळानं उठले, आत गेले; एवढी चार पावलं तुम्हाला जन्मभर जमली नाहीत. "माझ्याबद्दल बोलत होतीस?"

सुनेनं गॅस बारीक केला. "व्हय. आईला बरं न्हाई, आठ दिवस जायचंय मला. पण तुमाला विचारायची भीती वाटते, असं सांगत होते. तुमी बोलत न्हाई, नुसतं बघत राहता."

मी तिथंच स्टुलावर बसले आणि तिला अम्मम्माचं सगळं सांगितलं, 'कायमची' या शब्दासकट. आयुष्यात पहिल्यांदा. तिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, "नऊ वर्साच्या पोरीला विचारायचंच न्हाई असं." ते तुम्हाला होतं की मला, कळलं नाही. मी म्हटलं, "जा तू. पंधरा दिवस राहा."

काल सून आणि नात, दोघींना एसटीत बसवून आले. हे पत्र कुठं पोचायचं नाही, म्हणून लिहिते. घरी आल्यावर मी आधी सुनेचं कपाट उघडलं, आणि ती किती साड्या घेऊन गेली ते बघितलं.