थोरली, धाकटी आणि भिंतीकडे तोंड करून बसणारा माणूस

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शेहेचाळीस, व्यवसाय ट्रम्पेट वाजवणे आणि दुसऱ्यांसाठी ट्रम्पेट पारखणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. फुफ्फुसांचा अहवाल जोडलेला नाही. तो घरात सगळ्यांनी वाचला आहे. वकिलांनी दिलेल्या नमुन्यात इथे ‘स्वखुशीने’ असा शब्द होता. तो खोडून मी ‘स्वेच्छेने’ असा केला आहे. इच्छा आहे. खुशीचे मला शपथेवर सांगता येणार नाही.

कलम १. वाद्यांचे दुकान आणि त्यावरचे घर यांतला माझा अर्धा हिस्सा माझ्या पतींना मिळावा. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे यात वादाला जागा नाही. खिडकीची खोली सासूबाईंची आहे आणि त्यांचीच राहील. लग्नानंतर त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, “लोकांच्या सुना गुणगुणतात, आमची भोंगा फुंकते.” पण वाद्यवृंदाच्या प्रत्येक कार्यक्रमाला त्या पहिल्या रांगेत असत आणि माझा तुकडा आला की शेजारच्या अनोळखी बाईला कोपराने ढोसत. माझी मऊ राखाडी शाल त्यांना द्यावी. मागणार नाहीत, म्हणून लिहून ठेवते.

दुकानाबद्दल एक गोष्ट इथेच नोंदवते, कारण हे सगळे लिहायला मी त्यामुळेच बसले. मागच्या आठवड्यात पती माझी उशी सारखी करत म्हणाले, “तुझ्यानंतर शटर ओढून टाकतो. मला आता काही ऐकायचं नाहीये.”

“मग खाशील काय?”

“घड्याळं दुरुस्त करीन. ती निदान सगळी सारखीच वाजतात.”

मला हसू आले, हसण्याचा खोकला झाला आणि विषय तिथेच राहिला. ज्या माणसाला वाद्यवृंदातले सगळे ‘कानसाहेब’ म्हणतात, त्याने ऐकणे सोडावे, हे मला मान्य नाही. माझ्या मरणाने माझे वाजवणे थांबेल, तेवढे पुरे आहे.

कलम २. बँकेतली माझी शिल्लक, औषधपाण्याचा खर्च वजा जाता, माझ्या धाकट्या बहिणीला मिळावी. या मृत्युपत्राची व्यवस्थाही तिनेच पाहावी. ती हिशेबाला पक्की आणि रडायला हळवी आहे. या कामी दोन्ही लागेल.

कलम ३. माझ्या दादाला सोन्याचा मुलामा दिलेला माउथपीस द्यावा. दादाही ट्रम्पेट वाजवत असे. त्याचे मत असे की, वाजवणारा तोच असेल तर पितळ कुठलेही चालते. महाग आणि स्वस्त हा दुकानदारांनी लावलेला शोध आहे. हे तो आमच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, आमचा चहा पीत सांगत असे. आणि त्यानेच सगळ्यात महागडा ट्रम्पेट घेऊन काचेच्या कपाटात ठेवला आहे. विचारले तर म्हणतो, “दिसायला बरा आहे गं.” दादा, हा माउथपीसही दिसायला बरा आहे. पण एकदा तरी ओठाला लावून बघ. कड जरा धारदार आहे, माझ्यासारखीच.

कलम ४. आता मुख्य मालमत्ता. माझ्याकडे दोन ट्रम्पेट आहेत, दोन्ही अत्यंत उंची, आणि कोणाला काय द्यायचे हे कळण्यासाठी त्यांच्यातला फरक सांगणे भाग आहे.

पहिल्याला आम्ही ‘थोरली’ म्हणतो. चांदीचा मुलामा, जाड पत्र्याचा भोंगा, हातात घेतली की मनगटाला कळते. तिच्यात स्वर शोधावा लागत नाही; प्रत्येकाची जागा ठरलेली असते आणि तिथे तो पाय रोवून उभा राहतो. कितीही जोरात वाजवा, आवाज फाटत नाही. पण ती वाजवणाऱ्याला काही परत देत नाही. श्वास घेते आणि गप्प राहते. सगळे बोलते ते समोरच्या भिंतीशी.

दुसरी ‘धाकटी’. मुलामा नाही, लॅकरचा चकचकीत थर नाही, उघडे पितळ, हात लागून लागून काळपट झालेले. पत्रा पातळ. ओठ हलायचा अवकाश, की स्वर बाहेर. तिचे पिस्टन बोटाआधी खाली जातात असे वाटते. आणि ती थरथरते. वाजवताना तर थरथरतेच, पण नुसती हातात धरून बसले आणि खोलीत दुसऱ्या कोणी ट्रम्पेट वाजवला, तरी तिचा भोंगा तळव्याला कळेल असा शहारतो. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली.

मात्र ट्रम्पेटची अडचण अशी की, वाजवणारा भोंग्याच्या मागे असतो. हाताला आणि ओठाला काय वाटते ते त्याला कळते. समोर काय पोचते ते त्याला कधीच कळत नाही. म्हणून आमच्या दुकानात एक रीत होती. मी लांब खोलीच्या या टोकाला खिडकीपाशी उभी राहायची. पती त्या टोकाला स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून बसायचे. गिऱ्हाइकासाठी काढलेल्या दोन्ही वाद्यांवर मी तेच वाजवायचे: एक खालचा लांब स्वर, मग एक मधली धून, मग एक वरचा स्वर, अगदी हळू. मी बोलायचे नाही, त्यांनी वळायचे नाही. ते फक्त “पहिला” किंवा “दुसरा” म्हणत. तोपर्यंत मला हाताला आवडलेला ट्रम्पेट मी टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवलेला असे. मग ते वळत आणि आम्ही ताडून पाहत असू. जुळले की गिऱ्हाइकाला तोच द्यायचा. नाही जुळले की भांडायचे. संसारातली आमची निम्मी भांडणे या टेबलाभोवती झाली आणि ती सगळ्यात चांगली होती.

या रीतीत एकच नियम पाळायचा होता. भिंतीकडे तोंड करून खोटे बोलायचे नाही. गिऱ्हाइकाच्या भिडेने नाही, कंपनीच्या माणसाने नको नको म्हणताना मिठाई आणून ठेवली तरी नाही, आणि बायको आहे म्हणूनही नाही.

या दोघी घरात आल्यापासून, कार्यक्रमाआधी आम्ही त्यांची परीक्षा घेत असू. मी धाकटीला डावीकडे ठेवायची आणि भिंतीकडून उत्तर यायचे, “थोरली.” दर वेळी. मी चिडून विचारायची, “अरे, पण धाकटी किती बोलते!”

“तुझ्याशी बोलते. माझ्यापर्यंत पोचेस्तोवर तिचं अर्धं बोलणं खिडकीतून बाहेर गेलेलं असतं.”

मी हात जोडून कार्यक्रमात थोरली वाजवायची, कारण कार्यक्रम माझ्या तळव्यांसाठी नसतो.

मग दोन वर्षांपूर्वी एकदा भिंतीकडून आवाज आला, “धाकटी.” मी न बोलण्याची रीत मोडून “काय?” म्हणाले. “धाकटी गं. तूच बरोबर होतीस. माझे कान उशिरा शिकले.” त्यानंतर प्रत्येक वेळी धाकटीच. मी किती मिरवले! बहिणीला फोन केला, दादाला टोमणा मारला. दोन वर्षे सगळे कार्यक्रम धाकटीवर केले. अलीकडे वाजवणे किती सोपे झाले आहे असे मला वाटे, आणि ते मी माझ्या कौशल्याच्या खाती जमा केले.

कलम ५. गेल्या महिन्यात एका दुपारी माझी भाची, बहिणीची मुलगी, दुकानात आली. ती शाळेत संगीत शिकवते आणि तिच्या छातीत माझ्या दुप्पट हवा आहे. मी वर घरात, आतल्या खोलीत पडून होते. जिन्याकडचे दार उघडे होते. तिने दोन्ही वाजवून बघायला मागितले आणि ‘काका’ नेहमीसारखे भिंतीकडे तोंड करून बसले असणार, कारण स्टुलाचा पाय करकरला. दोघी वाजून झाल्या आणि लगेच उत्तर आले, “थोरली. यात विचार कसला करायचा?”

“पण काका, मावशीला तर तुम्ही धाकटी...”

स्टुलाचा पाय पुन्हा करकरला.

“तिला श्वास पुरत नव्हता गं,” ते म्हणाले. “थोरलीवर ती लांब स्वर संपायच्या आधीच चोरून श्वास घ्यायला लागली होती. तिच्याही लक्षात आलं नव्हतं. मी म्हटलं, डॉक्टरकडे जा, तर मला म्हणाली, तूच जा कानाच्या डॉक्टरकडे. थोरली हातात राहिली असती, तर तिने त्याच वर्षी वाजवणं सोडलं असतं.”

“मग तुम्ही...”

“हो. बोललो खोटं. तोंड भिंतीकडे होतं, म्हणून जमलं.”

मी हाक मारली नाही. डोळे मिटून झोपल्याचे सोंग घेतले, आणि त्यानंतर आजपर्यंत या विषयावर त्यांच्याशी बोलले नाही. मला राग आला होता, हे इथे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. दोन वर्षे मी लोकांसमोर पातळ वाजवले आणि टाळ्या खऱ्या समजून घेतल्या. आमच्यात जी एकच जागा संपूर्ण खरी होती, तिथे मला फसवले गेले. दुसऱ्या दिवशी वाटले, ती दोन वर्षे मला मिळालीच या फसवणुकीमुळे. तिसऱ्या दिवशी वाटले, मला विचारले असते, तर मी काय निवडले असते? खूप विचार केला. उत्तर मला ठाऊक नाही. त्या माणसाने माझा आजार माझ्याआधी, डॉक्टरांआधी, एका भिंतीवरून परत आलेल्या आवाजात ऐकला, आणि दोन वर्षे एकट्याने सांभाळला. हे ज्याला ऐकू येते, त्याला आता काही ऐकायचे नाही, हेही मी समजू शकते. पण मान्य करत नाही.

कलम ६. म्हणून थोरली माझ्या भाचीला द्यावी. तिने ती कपाटात ठेवू नये. कपाटवाला घरात एक आहे तेवढा पुरे. अट एकच: कार्यक्रमाआधी तिने या लांब खोलीत येऊन वाजवून दाखवावे आणि काकांनी भिंतीकडे तोंड करून ऐकावे. त्यासाठी दुकान उघडे लागेल, हे उघड आहे.

धाकटी माझ्या पतींना द्यावी. त्यांना वाजवता येत नाही, म्हणून वकील म्हणाले की, बाई, ही नोंद चुकली असेल, एकदा तपासा. चुकलेली नाही.

अंत्यसंस्कारात ट्रम्पेट वाजवू नये. त्या दिवशी कोणीही नीट ऐकणार नाही.

कलम ७. हे कलम माझ्या पतींसाठी आहे. बहिणीने ते मोठ्याने न वाचता त्यांच्या हाती द्यावे.

आयुष्यभर तुझ्या वाट्याला आवाज आला आणि माझ्या वाट्याला स्पर्श. मी काय वाजवते ते तुला माहीत होतं, ते कसं लागतं ते मला. मी गेल्यावर एकदा स्टूल भिंतीपाशी ओढ. धाकटीला मांडीवर घे, दोन्ही तळवे भोंग्यावर ठेव, आणि पोरीला खिडकीपाशी उभी राहून थोरली वाजवू दे. खालचा लांब स्वर आला की हाताला जे कळेल, ते माझ्या बाजूचं आहे. इतकी वर्षं तुला सांगता आलं नाही, ते एवढंच होतं.

मग पोरीला दोन्ही वाजवायला सांग आणि खरं काय ते सांग. मोठ्याने सांग. मी खिडकीपाशी नसेन, त्यामुळे खोटं बोलायचं तुला काही कारण उरणार नाही.

वरील मजकूर मी वाचून पाहिला आहे. कलम ७ दुसऱ्यांदा वाचणे मला जमले नाही.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिले: शेजारचे चष्मेवाले. (म्हणाले, “वहिनी, मी नजर तपासतो, मजकूर नाही,” आणि न वाचता सही केली.)

साक्षीदार दुसरे: घरचे डॉक्टर. (यांनी वाचले. सही जरा हलली आहे, ती त्यांचीच आहे.)

माझे पती लाभधारक असल्यामुळे साक्षीदार होऊ शकत नाहीत. सह्या होईपर्यंत ते खाली दुकानात थांबले होते. शटर उघडे होते.

ठिकाण: दुकानावरचे घर, आतली खोली
दिनांक: ९ मार्च, बुधवार, दुपार