दलदल ओली करण्याचे बारा धडे

१४ सप्टेंबर, संध्याकाळ

दलदल समितीचा अध्यक्ष झालो. बिनविरोध. माझं नाव पुढे आलं तेव्हा बाकीचे सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. आदर, दुसरं काय.

क्लूनादरा गावच्या शाळेत चाळीस वर्षं हेडमास्तरकी केली, पण दलदलीत पाय घातला नव्हता. आज घातला. शी! डावा बूट आतच राहिला. वास सडक्या अंड्यांचा. पिढ्यान्‌पिढ्या गावानं ही काळी माती कापली, वाळवली, जळण म्हणून चुलीत घातली. पाणी काढून टाकायला सात चर खणले. आता म्हणे चरांत बांध घालायचे, दलदल पुन्हा ओली करायची. मग शेवाळ परत येईल, पक्षी परत येतील. सोपं आहे. चिखलाला शिस्त नाही, एवढाच प्रश्न.

संकल्प : दहा मेला देशभरातल्या दलदल समित्या आपल्याकडे शिकायला येणार. तोवर पुस्तिका तयार हवी. नाव ठरलं, 'बारा धडे'. धडे सावकाश.

२ ऑक्टोबर

सातवा चर अट्राक्टा गिलमार्टिनबाईंच्या पट्ट्यात. वय चौऱ्याहत्तर. लग्नाच्या वर्षी त्यांच्या नवऱ्यानं, कोलमननं, फावड्यानं खणलेला. तो जाऊन सहा वर्षं झाली. बाई चर सोडायच्या नाहीत, म्हणून बावीस पानी भाषण घेऊन गेलो. दुसऱ्याच पानावर त्या म्हणाल्या, "मास्तर, चहा गार होतोय. चर मीच बुजवणार. तो खणत होता तेव्हा माती मी उचलत होते. कुठली माती कुठून निघाली, मला ठाऊक आहे."

भाषण प्रभावी ठरलं. चहावर साय तरंगत होती. तसाच ठेवला.

१९ ऑक्टोबर

चर क्रमांक तीन मी स्वतः घेतला. जुन्या शाळेचे चार ओक लाकडाचे दरवाजे पडून होते. आडवे टाकून चरात ठोकले. लेव्हल लावून. असे सरळ बांध या देशात नसतील.

अट्राक्टाबाई बघायला आल्या. म्हणाल्या, "मास्तर, पाण्याला दरवाजा दाखवलात तर ते बाहेरच जाणार ना?" मग सल्ला. दोन्ही कडा खणून बांध आत रोवा, नाहीतर पाणी बाजूनं पळतं. वरची भुसभुशीत माती घेऊ नका. खालची ओली, लोण्यासारखी घ्या. बांध जमिनीपेक्षा उंच ठेवा, तो खचतो. वर जिवंत शेवाळाचं कातडं पांघरा.

मी सांगितलं, शास्त्र वेगळं असतं. त्या चक्क हातानं चिखल कालवून दाखवत होत्या. नखांत काळं. त्याच हातानं मला बिस्कीट दिलं. खिशात टाकलं.

७ नोव्हेंबर

पाणी बाजूनं पळतंय. पाण्याचा हट्टीपणा. फटींत शाळेच्या व्यायामखोलीतल्या जुन्या गाद्या कोंबल्या. आता चराला पावसात भिजलेल्या मोज्यांचा वास येतो. मिशीत चिखल गेला. दोनदा धुतली, तरी जेवताना दलदलीचीच चव. न्युआला म्हणाली, "मॅलकी, बाईंना विचार ना रे जरा." बायको आहे, पण तांत्रिक बाबतीत कच्ची.

१५ जानेवारी

बाईंनी आज सातवा चर पुरा केला. त्यांची भाची दर्वला जेसीबी चालवते. दर काही पावलांवर मातीचा एक उंचवटा. थडग्यांची रांग जशी. सौंदर्यदृष्टी शून्य. मी तसं बोललोही.

शेवटची माती बाईंनी हातानं लावली. मग टोपी काढून कितीतरी वेळ नुसत्याच उभ्या. दर्वलानं यंत्र बंद केलं. चहाची सुट्टी कधीच संपली होती, म्हणून मी शिट्टी वाजवली. दर्वलानं माझ्याकडे असं पाहिलं, की शिट्टी खिशात ठेवली. बाई रडत होत्या, असं न्युआला म्हणते. मला सर्दी वाटली.

२८ मार्च

मापन. सातव्या चराशी पाणी जमिनीखाली चार बोटं. लालसर, हिरवं, लिबलिबीत शेवाळ काठानं चढतंय. स्पंजसारखं. बघूनच अंगावर शहारे. तिसऱ्या चराशी कोपरापर्यंत हात घातला तरी कोरडं. मोजायची नळी सदोष. बदलली. दुसरीही सदोष.

९ मे

पुस्तिकेचा पहिला धडा लिहून झाला : 'अध्यक्षांचं ऐका.' उरलेले अकरा उद्या ऐन वेळी सुचतील. मी नेहमी असाच शिकवत आलो.

१० मे, दुपारी चार. अंथरुणातून

चाळीस पाहुणे. सगळ्यांनी अंड्याची सँडविचेस आणलेली. दलदल आणि अंडी, दोन्ही वास एकत्र. मी त्यांना आधी चर क्रमांक तीनवर नेलं. बांधाची ताकद दाखवायला मधल्या एका दरवाजावर उभा राहिलो. "याला म्हणतात भक्कम..." एवढं बोललो आणि दरवाजा उघडला. म्हणजे कलंडला. कमरेपर्यंत आत. काहीतरी मऊ, गार विजारीत शिरलं. काय ते मी लिहिणार नाही.

बाहेर ओढा म्हणून हात पुढे केला. तेवढ्यात सातव्या चराच्या बाजूनं एक पक्षी उडाला. लांब, वाकडी चोच. ओरडला. लांबलचक, थरथरतं. अकरा वर्षांत हा आवाज इथं ऐकू आला नव्हता. चाळीस जणांनी माझ्याकडे पाठ फिरवली.

अट्राक्टाबाई हळूच म्हणाल्या, "मागे सरका सगळे. तिथं अंडी असतील." सगळे मागे सरकले. माझ्यापासूनही. पक्षी फिरून खाली उतरेपर्यंत कुणी श्वास घेतला नसेल. मी घेत होतो. नाकात चिखल.

बाहेर काढायला शेवटी बाईच आल्या. डोळे भरलेले. या खेपेला सर्दी नव्हती. म्हणाल्या, "ऐकलंत ना, मास्तर?"

ऐकलं होतं. तसं सांगितलं.

१६ मे

पुस्तिका छापली जाणार. बाराही धडे अट्राक्टाबाईंचे; पाहुण्यांनी उभ्या उभ्या उतरून घेतले. पान नऊवर माझा रंगीत फोटो, कमरेपासून वर. खाली ओळ : 'कडा न रोवलेला बांध.'

समितीनं चर क्रमांक तीनचं काम बाईंकडे दिलंय. पक्ष्याचं घरटं उरकलं की शरदात सुरुवात. मलाही बोलावलंय. काम, ओल्या मातीची ढेकळं उचलणं. देखरेख नाही.

विचारून पाहिलं.