सुनेला शनिवारीच हलवणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
प्रसूतिगृह, विठ्ठलवाडी.

अर्जदार : कलावती पोपट शेलार, राहणार कल्याण पूर्व.

विषय : मुलगा सुदेश याच्या सहीसाठी न थांबता सून विनिता हिला आजच मोठ्या इस्पितळात हलवणेबाबत.
संदर्भ : आपल्या डॉक्टरबाईंचे आज सकाळचे बोलणे.

महोदय,

वरील विषयी अर्ज करते की, सदर सुदेश हा इसम माझ्या पोटचा असून आपल्या जिन्यापाशी फोन कानाला लावून उभा आहे. हलवण्याच्या कागदावर तो सही करत नाही. आज शनिवार, आणि शनिवारचं मूल बापाला जड जातं असं त्याला शीळफाट्याच्या ज्योतिषाने सांगितले आहे. म्हणून तो सोमवार मागतो. पोटातल्या पोरांना तारीख देणारा हा कोण कलेक्टर लागून गेला, ते मला माहीत नाही.

१) विनिताला जुळे आहे. आठवा सरत आलाय. मागच्या खेपेस डॉक्टरबाईंनी सुदेशला बजावलं होतं की दोन्ही बाळांची वार एकच आहे, जोखीम आहे, मोठ्या इस्पितळात नाव घाला. ह्या शहाण्याने वार म्हणजे सोमवार-मंगळवार धरला. घरी येऊन सांगतो काय, तर दोघं एकाच वारी जन्मणार. जुळी पोरं एका वारी नाही तर काय आठवड्याच्या अंतराने येतात? नाव घालायचं राहिलं ते राहिलंच.

२) आज नर्सबाईंनी मला नीट उलगडून सांगितलं. वार म्हणजे पोटात बाळाला नाळेतून पोसते ती, आणि इथे एकाच वारेवर दोन जीव. एक सगळं ओढून घेतो, दुसऱ्याला पुरत नाही. लहानग्याचे ठोके मंद पडतायत. विनिताचं प्रेशर चढलंय, पाय खांबासारखे सुजलेत, डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणते. झटका आला तर तिघंही हातचे जातील, हे आपल्याच डॉक्टरबाईंचे शब्द. इथे काचेची पेटी नाही, रक्ताची सोय नाही, यात आपला दोष नाही.

३) नवऱ्याची सही लागते असं काउंटरवर म्हणतात. साहेब, पोट विनिताचं आहे. ती शुद्धीवर आहे, बारावी पास आहे. तिची सही घ्या. कमी पडली तर खाली माझी घ्या, चौथीतली आहे पण मोडत नाही. तीही चालत नसेल तर दोन्ही हातांचे अंगठे देते. पुढे कायदा निघालाच तर पोलीस माझ्या घरी पाठवा, चहा देईन. आत्ता गाडी मागवा.

४) मी कुणापुढे हात पसरलेला नाही. नवरा गेला तेव्हा दिरांपुढेही नाही. आपल्यापुढे पसरते. मघाशी विनिता म्हणाली, आई, एक बाळ हलत नाहीये. झोपलं असेल, असं मी तिला खोटं सांगितलं. हे खोटं मला फार वेळ धरून ठेवता येणार नाही.

आपल्या केबिनच्या दारात उभी,
कलावती पोपट शेलार
शनिवार, दि. १४ जून २०२५

सोबत : सोनोग्राफीचा कागद, विनिताचे आधार कार्ड.

ता. क. अर्ज लिहीत असताना सुदेश येऊन म्हणाला, मला विचारल्याशिवाय काही करायचं नाही, बाप मी आहे. त्याला सगळ्या वॉर्डासमोर जे सुनावलं ते आपल्याही कानावर असावं : "सुदेश, बाप तू सवडीने हो. आज त्या तिघांची आई मी आहे."