कोठारातले दिवे

एल्डर क्रीक, ऑरेगन
९ मार्च

लाडक्या क्लेटन,

बॉइसीला लेकीकडे तुझं बरं चाललं असेल, गुडघा फार कुरकुरत नसेल, असं धरून चालतो. इकडे छाटणी उरकली. तुझ्या द्राक्षबागेचीही करून टाकली. वेलींनी काही कुणाचं घोडं मारलेलं नाही.

कुंपणावरची तुझ्या वहिनीची, आयव्हाची, मतदानाची पाटी अजून तिथेच आहे. ‘शेतात शेतीच हवी. होय म्हणा.’ पावसाने रंग ओघळलाय. काढायला हात धजत नाही.

राज्यभर मतदान झालं, तिची बाजू जिंकली, वायनऱ्यांतली लग्नं, गाणी, पंगती बंद झाल्या, आणि तू लग्नं लावायच्या तुझ्या कोठाराची किल्ली माझ्यापुढे आपटून गेलास. त्याआधीचं भांडण आठवतं? ती म्हणाली, “भावजी, तुम्ही द्राक्षं पिकवता की नवऱ्या?” तू म्हणालास, “वहिनी, नुसत्या द्राक्षांवर वायनरी चालत नाही. नवऱ्या हेच आमचं खरं पीक!” मी हसलो आणि दोघांच्याही शिव्या खाल्ल्या.

तिला गाड्यांची धूळ आणि तो दणदणाट सोसत नव्हता, एवढंच. राग तुझ्यावर नव्हता रे. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तुझं ताट मांडलं होतं तिने. कुणाला उचलू दिलं नाही.

जानेवारीपासून तिने अंथरूण धरलं. एका दुपारी म्हणाली, “माझ्यामागे सगळ्यांना भावजींच्या कोठारात जेवायला घाल. वरचे सगळे दिवे लाव. फिडल वाजवणाऱ्यालाही बोलव.”

मी म्हटलं, “अगं बाई, ते दार तूच बंद केलंस ना!”

खोकला येईपर्यंत हसली. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “हो की रे. हे माझ्या ध्यानातच आलं नाही.”

सोमवारी ती गेली, क्ले. फोनवर मला सांगवलं नसतं, म्हणून इतकं आडवळणाने लिहीत बसलोय.

सरकारी कचेरीत कोठाराबद्दल विचारून पाहिलं. मयताचं जेवणही बंदीत येतं. तिथली पोरगी हळूच म्हणाली, “आजोबा, मीही होयच म्हटलं होतं.” जेवण चर्चच्या तळघरात ठेवलंय, १९ तारखेच्या शनिवारी.

त्याआधी मी कोठार उघडून दिवे लावणार आहे. तू ये. दोन म्हाताऱ्यांना कुठलाच कायदा जमाव म्हणत नाही.

तुझं ताट मांडून बसलेला, आता एकटाच,
तुझा दादा
ऑर्व्हिल